रेज्जेन्त्सा : इटलीच्या महसूल संस्थेतील रिक्त पदांचे प्रकरण

इटालियन भाषेत ‘रेज्जेन्त्सा’ हा शब्द व्याकरणात आणि प्रशासकीय कायद्यात, असा दोन्हीकडे ठरावीक अर्थाने वापरला जातो. व्याकरणात एखादे क्रियापद, नाम किंवा विशेषण आपल्यावर अवलंबून असलेल्या पदाला विशिष्ट रूप किंवा विशिष्ट अव्यय घ्यायला लावते, त्या संबंधाला रेज्जेन्त्सा म्हणतात. मराठीत शब्दयोगी अव्यय जोडताना ‘घर’चे ‘घरा’ व्हावेच लागते आणि ‘विश्वास ठेवणे’ म्हटले की ज्याच्यावर तो ठेवायचा त्याला ‘वर’ लागतोच, त्याच जातीचा हा संबंध आहे. प्रशासनात मात्र रेज्जेन्त्सा म्हणजे प्रमुखपद रिकामे झाले असता, नियमित नेमणूक होऊन नवा प्रमुख रुजू होईपर्यंत, त्या कार्यालयाचा कारभार दुसऱ्या अधिकाऱ्याने सांभाळणे. आपल्या सरकारी कचेऱ्यांत अशा अधिकाऱ्याच्या पाटीवर ‘प्रभारी’ लिहिलेले असते. इटलीत त्याला ‘रेज्जेन्ते’ म्हणतात.

दोन्ही अर्थांचे मूळ लॅटिनमधल्या ‘रेगेरे’ या क्रियापदात, म्हणजे चालवणे, सांभाळणे, दिशा देणे यात आहे. तरीही त्यांत एक फरक आहे आणि पुढचे प्रकरण समजण्यासाठी तो ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. व्याकरणात ‘रेज्जेन्ते’ वाक्य हे स्वतःच्या पायावर उभे असते आणि त्याच्या आधाराने येणारे गौण वाक्य एकटे उभे राहू शकत नाही. कार्यालयात नेमके उलट घडते. तेथे रेज्जेन्ते अधिकारी हाच परावलंबी असतो, कारण त्याचा अधिकार अजून न आलेल्या पण येऊ घातलेल्या दुसऱ्या माणसामुळे अस्तित्वात असतो. तो दुसरा माणूस येण्याची प्रक्रियाच सुरू नसेल, तर या अधिकाराला आधार उरतो का, हा प्रश्न इटलीच्या घटना न्यायालयापुढे आला आणि १७ मार्च २०१५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ३७ क्रमांकाच्या निकालात त्याचे उत्तर मिळाले. त्या उत्तराने देशाच्या करवसुली यंत्रणेतील शेकडो पदाधिकाऱ्यांची पदे एका दिवसात गेली.

प्रकरणाची पार्श्वभूमी

इटलीत १ जानेवारी २००१ पासून कर आकारणीचे व तपासणीचे काम अर्थखात्याच्या जुन्या विभागांकडून निघून स्वायत्त संस्थांकडे आले. त्यांतली सर्वांत मोठी ‘आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते’, म्हणजे महसूल संस्था. तिच्या कार्यालयांचे प्रमुख ‘दिरिजेन्ते’ या वरिष्ठ संवर्गातले असावेत आणि त्या संवर्गात प्रवेश खुल्या स्पर्धापरीक्षेतूनच मिळावा, अशी इटलीतील सर्वसाधारण व्यवस्था आहे. सार्वजनिक प्रशासनातील नोकरीत स्पर्धापरीक्षेद्वारेच प्रवेश मिळेल, कायद्याने ठरवलेले अपवाद सोडून, असे इटलीच्या राज्यघटनेचे ९७ वे कलम सांगते.

नव्या संस्थेला मात्र पहिल्या दिवसापासून माणसे हवी होती. म्हणून तिच्या अंतर्गत नियमावलीच्या २४ व्या कलमात अशी तरतूद करण्यात आली की, दिरिजेन्ते संवर्गातली रिक्त पदे ठरावीक तारखेपर्यंत संस्थेतल्याच ‘फुन्त्सियोनारियो’ दर्जाच्या, म्हणजे एक पायरी खालच्या, अधिकाऱ्यांकडे तात्पुरती सोपवता येतील. संस्था नुकतीच उभी राहत असताना अशी सोय करणे समजण्यासारखे होते. अडचण त्या तारखेने निर्माण केली, कारण ती जवळ आली की व्यवस्थापन समिती ठराव करून तिला पुढे ढकलत असे. डिसेंबर २००९ मधल्या अशाच एका ठरावाने ती ३१ डिसेंबर २०१० वर गेली आणि त्या ठरावाला न्यायालयात आव्हान मिळाले.

तोपर्यंत परिस्थिती कोठे पोहोचली होती, हे तीन आकड्यांत दिसते. संस्थेत दिरिजेन्ते दर्जाची १,१४३ पदे होती. त्यांपैकी नियमित दिरिजेन्ते ३७६ होते आणि उरलेल्या ७६७ पदांवर तात्पुरता कार्यभार दिलेले अधिकारी काम करत होते. दर तीन पदांपैकी दोन पदे ज्या व्यवस्थेवर चालतात, तिला तात्पुरती म्हणता येत नाही. या अधिकाऱ्यांविषयी एक गोष्ट येथेच नोंदवणे न्यायाचे होईल. त्यांतल्या अनेकांनी वर्षानुवर्षे मोठी कार्यालये चालवली, जोखमीच्या कागदांवर सह्या केल्या आणि त्या सह्यांची जबाबदारी घेतली. व्यवस्थेने त्यांना ज्या जागी बसवले तेथे ते बसले. दोष होता तो परीक्षा वेळेवर आणि निर्वेधपणे न घेणाऱ्या प्रशासनाचा. २०१० मध्ये १७५ पदांसाठी आणि २०१४ मध्ये ४०३ पदांसाठी जाहिराती निघाल्या खऱ्या, परंतु निवडीच्या निकषांवरून त्या दोन्ही प्रक्रिया कोर्टकज्जात अडकल्या.

सरकारी अधिकाऱ्यांच्या ‘दिरपुब्लिका’ या संघटनेने केलेल्या दाव्यावर लात्सियोच्या प्रादेशिक प्रशासकीय न्यायाधिकरणाने १ ऑगस्ट २०११ रोजी निकाल देऊन मुदतवाढीचा ठराव रद्द केला. संस्था या निकालाविरुद्ध राज्य परिषदेत, म्हणजे प्रशासकीय न्यायव्यवस्थेच्या सर्वोच्च पातळीवर, अपिलात गेली. अपील प्रलंबित असतानाच सरकारने कायदा बदलला.

परिच्छेद २४ची रचना

२ मार्च २०१२ च्या १६ क्रमांकाच्या अध्यादेशातील आठव्या कलमाचा चोविसावा परिच्छेद हा या प्रकरणाचा गाभा आहे आणि तो शब्दशः वाचण्यासारखा आहे. त्याची सुरुवात करचुकवेगिरीला आळा घालण्याच्या तातडीच्या गरजेने होते. त्यानंतर महसूल, सीमाशुल्क आणि भूमी या तिन्ही संस्थांना रिक्त पदांसाठी स्पर्धापरीक्षा घेण्याची परवानगी दिली जाते आणि त्या परीक्षा ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत पूर्ण करण्याचे बंधन घातले जाते. येथपर्यंत आक्षेपार्ह काहीच नाही.

पुढचे वाक्य सुरू होते ते ‘नेल्ले मोरे देल्लेस्प्लेतामेन्तो दि देत्ते प्रोचेदुरे’ या शब्दांनी. इटालियन सरकारी लिखाणात ‘नेल्ले मोरे’ हा प्रयोग रोजचा आहे. त्याचा अर्थ ‘अमुक गोष्ट पार पडेपर्यंतच्या अवधीत’ असा होतो आणि त्यातल्या ‘मोरे’चे मूळ विलंब या अर्थाच्या लॅटिन शब्दात आहे. म्हणजे परीक्षा पार पडेपर्यंतच्या अवधीत या संस्था आपल्याच अधिकाऱ्यांना ठरावीक मुदतीच्या कराराने दिरिजेन्तेची कामे सोपवू शकतील आणि त्या कराराची मुदत पद परीक्षेद्वारे भरण्यास लागणाऱ्या काळानुसार ठरेल. मुख्य क्रियापद ‘सोपवू शकतील’ हे आहे. त्याला वैधता मिळते ती मात्र वाक्याच्या तोंडाशी असलेल्या त्या कालवाचक शब्दसमूहातून. त्यात तारीख नाही. तारीख आधीच्या वाक्यात आहे, आणि आधीच्या वाक्यातली तारीख हलली की हा अवधी आपोआप लांबतो. तसेच झाले. २०१३ च्या डिसेंबरमधील अध्यादेशाने ती तारीख ३१ डिसेंबर २०१४ केली आणि २०१४ च्या डिसेंबरमधील अध्यादेशाने ३० जून २०१५. संस्थेच्या समितीचे ठराव पूर्वी जे करत होते, तेच आता संसदेच्या संमतीने होऊ लागले.

त्याच वाक्यात मध्येच स्वल्पविरामांच्या आत आणखी एक तुकडा येतो, ‘साल्वी ल्यी इन्कारिकी ज्या अफ्फिदाती’, म्हणजे ‘आधीच सोपवलेले कार्यभार अबाधित ठेवून’. लॅटिन धाटणीची ही स्वतंत्र रचना आहे. तिला स्वतःचे क्रियापद नाही आणि वाक्यातल्या कोणत्याही पदावर ती अवलंबून नाही. व्याकरणाच्या दृष्टीने ती वाक्यातून काढली तरी वाक्य पूर्ण राहते. परिणामाच्या दृष्टीने मात्र न्यायाधिकरणाने नुकतेच बेकायदा ठरवलेले शेकडो कार्यभार या पाच शब्दांनी वाचवले. माझ्या मते संपूर्ण परिच्छेदातला सर्वांत वजनदार भाग हाच आहे, आणि तो वाक्यातल्या सर्वांत सैल जागी बसवलेला आहे. कायद्याचा मसुदा वाचताना मुख्य क्रियापदावर लक्ष ठेवण्याची आपल्याला सवय असते. येथे तेवढे पुरत नाही.

न्यायालयाने काय तपासले

राज्य परिषदेने २०१३ च्या अखेरीस हा प्रश्न घटना न्यायालयाकडे पाठवला. परिच्छेद २४ हा समानतेच्या तिसऱ्या, सार्वजनिक पदांवर समान संधी देणाऱ्या एक्कावन्नाव्या आणि स्पर्धापरीक्षेच्या सत्त्याण्णवाव्या कलमाशी सुसंगत आहे का, असा तो प्रश्न होता. न्यायाधीश अलेस्सांद्रो क्रिस्कुओलो यांच्या अध्यक्षतेखालील न्यायालयाने आधी एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली. खालच्या संवर्गातल्या अधिकाऱ्याला वरच्या संवर्गाचे पद देणे ही नवी नेमणूकच असते, मग ती बढती संस्थेअंतर्गत असली तरी, आणि नव्या नेमणुकीसाठी खुली परीक्षा लागते.

ही नेमणूक नसून केवळ तात्पुरती व्यवस्था आहे, असे म्हणायचे तर तिला कायद्यात असलेल्या एखाद्या तात्पुरत्या व्यवस्थेच्या चौकटीत बसवता आले पाहिजे. न्यायालयाने दोन चौकटी तपासल्या. पहिली चौकट २००१ च्या १६५ क्रमांकाच्या सेवाविषयक कायद्यातील ५२ व्या कलमाची आहे. पद रिक्त असेल तर कर्मचाऱ्याला वरच्या दर्जाचे काम जास्तीत जास्त सहा महिने देता येते आणि पद भरण्याची प्रक्रिया सुरू झालेली असेल तर ही मुदत बारा महिन्यांपर्यंत नेता येते, असे ते कलम सांगते. परंतु ते एकाच संवर्गाच्या आतल्या बदलांना लागू होते. संवर्गाची भिंत ओलांडून दिरिजेन्ते करण्यासाठी त्याचा आधार घेता येत नाही.

दुसरी चौकट रेज्जेन्त्साची होती. १९८७ च्या २६६ क्रमांकाच्या राष्ट्रपती आदेशातील विसाव्या कलमाने नवव्या श्रेणीच्या अधिकाऱ्यांच्या कामांत, नियमित दिरिजेन्तेची नियुक्ती होईपर्यंत कार्यालयाची रेज्जेन्त्सा सांभाळणे, या कामाचा समावेश केला होता. सर्वोच्च अपील न्यायालय असलेल्या कासात्सियोनेच्या संयुक्त पीठाने २०१० आणि २०११ मधल्या निकालांत या व्यवस्थेच्या सीमा आखून दिल्या होत्या आणि घटना न्यायालयाने त्या सीमा स्वीकारल्या. पद रिकामे होण्याचे कारण आधी न दिसणारे असले पाहिजे, ते भरण्याची प्रक्रिया प्रत्यक्ष सुरू झालेली असली पाहिजे आणि रेज्जेन्त्सा त्या प्रक्रियेला लागणाऱ्या वेळेपुरतीच राहिली पाहिजे. असाधारण परिस्थिती आणि अल्पकाळ ही दोन्ही लक्षणे या व्यवस्थेच्या अंगभूत आहेत. त्यांतले एक जरी नसले तरी ती रेज्जेन्त्सा राहत नाही. कासात्सियोनेच्या निकालांतून याचा एक व्यावहारिक अर्थही निघत होता. सीमांच्या आतली रेज्जेन्त्सा हे अधिकाऱ्याचे नेहमीचे काम असते, पण सीमा ओलांडल्या की ते वरच्या पदाचे काम ठरते आणि त्याला वरच्या पदाचा पगार द्यावा लागतो.

महसूल संस्थेची व्यवस्था या कसोटीला कोठेच उतरत नव्हती. पदे अनपेक्षितपणे रिकामी झालेली नव्हती, ती संस्थेच्या स्थापनेपासूनच मोठ्या संख्येने रिकामी होती. कागदावर मुदत होती, पण वारंवार मिळालेल्या मुदतवाढीमुळे तिचा शेवट कोणालाच सांगता येत नव्हता. विशिष्ट प्रसंगांसाठी योजलेले साधन रिक्त पदे भरण्याची नेहमीची पद्धत बनले होते आणि परिच्छेद २४ने ही पद्धत अनिश्चित काळ चालू राहण्यास हातभार लावला, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. परिच्छेद २४ आणि त्याची मुदत वाढवणाऱ्या दोन्ही अध्यादेशांतल्या तरतुदी घटनाबाह्य ठरवून रद्द करण्यात आल्या.

या निकालाचे बळ मला त्याच्या पद्धतीत दिसते. परिच्छेद २४मध्ये रेज्जेन्त्सा हा शब्द एकदाही वापरलेला नाही. न्यायालयाने त्या शब्दाची लक्षणे घेतली आणि समोरच्या व्यवस्थेत ती आहेत का हे पाहिले, म्हणजे पद ज्याच्यासाठी राखून ठेवले आहे असे म्हटले जाते, तो येणार आहे का, हे विचारले. भाषाशास्त्रातही अशा एका प्रश्नाला मोठे महत्त्व आले होते. नोआम चॉम्स्की यांनी १९७९ मध्ये पिसा येथील ‘स्कुओला नोर्माले सुपेरियोरे’मध्ये दिलेल्या व्याख्यानांतून जी उपपत्ती मांडली, तिला इटालियनमध्ये ‘रेज्जेन्त्सा आणि लेगामेन्तो’ची उपपत्ती म्हणतात. वाक्यातले एखादे पद हलले की मागे राहणारी रिकामी जागा ही तिच्यावर योग्य रीतीने अंमल असणारा घटक जवळ असेल तरच चालते, नाहीतर वाक्य अशुद्ध होते, असे त्यातले एक तत्त्व होते. दोन क्षेत्रांतल्या या साम्याला मी फार ताणणार नाही, कारण वाक्यातल्या रिकाम्या जागेला काळाचे परिमाण नसते आणि कार्यालयातल्या रिकाम्या जागेला सर्वस्वी काळाचेच असते.

नोटिसांवरच्या सह्या

निकालानंतरचा खरा गोंधळ करदात्यांच्या बाजूने उठला. १९७३ च्या ६०० क्रमांकाच्या राष्ट्रपती आदेशातील ४२ व्या कलमानुसार, कर निर्धारणाच्या नोटिशीवर कार्यालयप्रमुखाची किंवा त्याने अधिकार सोपवलेल्या संचालन श्रेणीतील कर्मचाऱ्याची सही नसेल तर ती नोटीस शून्यवत ठरते. ज्यांची पदे घटनाबाह्य ठरली त्यांनी अनेक वर्षे अशा नोटिसांवर सह्या केल्या होत्या. त्या सगळ्या नोटिसा आता रद्द होणार का, असा प्रश्न वकिलांनी देशभरातल्या कर न्यायाधिकरणांत उपस्थित केला आणि या न्यायाधिकरणांनी त्यावर परस्परविरोधी निर्णय दिले. संस्थेच्या तत्कालीन संचालक रोस्सेल्ला ओर्लांदी यांच्यापुढे एकीकडे प्रमुख नसलेली कार्यालये आणि दुसरीकडे वादात सापडलेली करमागणी, अशी दुहेरी समस्या उभी राहिली.

घटना न्यायालयाने याचा अंदाज आधीच घेतला होता. संस्थेचे कामकाज या कार्यभारांच्या वैधतेवर अवलंबून नाही, कारण दिरिजेन्तेच्या अधिकारातील कृती साध्या अधिकाऱ्यांकडेही सोपवता येतात, असे त्याने निकालातच नमूद केले होते. कासात्सियोनेने ९ नोव्हेंबर २०१५ रोजी एकाच दिवशी दिलेल्या तीन निकालांत हा धागा पुढे नेला. ४२ वे कलम सही करणाऱ्याने दिरिजेन्ते असावे असे म्हणत नाही. संचालन श्रेणीतला, म्हणजे त्या वेळच्या वर्गवारीतल्या तिसऱ्या क्षेत्रातला, कर्मचारी पुरतो. पदच्युत झालेले अधिकारी मुळात त्याच क्षेत्रातले होते, त्यामुळे त्यांची दिरिजेन्तेपदाची नेमणूक गेली तरी सही करण्याची पात्रता शिल्लक राहिली. करदात्याने आक्षेप घेतल्यास मात्र अधिकार सोपवल्याचा पुरावा संस्थेनेच द्यायचा.

हे उत्तर कायद्याच्या शब्दांना धरून आहे आणि मला ते बरोबर वाटते. नोटीस रद्द करणे हा कठोर परिणाम आहे आणि कायद्यात जेवढे लिहिले आहे त्यापलीकडे तो ताणता येत नाही. तरीही त्यातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट उघड होते. सही करण्यासाठी दिरिजेन्तेपद लागतच नव्हते, तर त्या अधिकाऱ्यांना अधिकारपत्र देऊन काम चालवता आले असते. वर्षानुवर्षे वरच्या संवर्गाचे पद आणि पगार देऊन घटनेशी संघर्ष ओढवून घेण्याची गरज नव्हती.

पुढे २०१५ च्या उन्हाळ्यात संसदेने अनुभवी अधिकाऱ्यांना दिरिजेन्तेची कामे मर्यादित काळासाठी सोपवण्याची मुभा दिली आणि २०१८ च्या अर्थसंकल्पी कायद्याने उच्च जबाबदारीची, पण दिरिजेन्ते नसलेली, अशी नवी पदरचना आणली. तिलाही आव्हान मिळाले. २०२० मध्ये घटना न्यायालयाने ती वैध ठरवली, कारण त्यात संवर्ग बदलत नव्हता.

शाळांतली रेज्जेन्त्सा

महसूल संस्थेत जी कसोटी इतकी काटेकोरपणे लागली, ती याच देशात दुसरीकडे बाजूला राहिली. इटलीतल्या पालकांना रेज्जेन्ते हा शब्द ओळखीचा आहे तो शाळेमुळे. २०११ च्या एका कायद्याने पाचशेपेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या शाळासमूहाला स्वतःचा नियमित मुख्याध्यापक देणे बंद केले. डोंगराळ भागांत, लहान बेटांवर आणि वेगळी भाषा बोलणाऱ्या प्रदेशांत ही मर्यादा तीनशे ठेवली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या कायद्याने हे आकडे सहाशे आणि चारशेवर नेले. अशा शाळा दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकाकडे रेज्जेन्त्सा म्हणून सोपवल्या जाऊ लागल्या.

येथे नेमणुकीचा प्रश्न उद्भवत नव्हता, कारण कार्यभार घेणारा स्वतः परीक्षा देऊन आलेला दिरिजेन्तेच असे. त्यामुळे ९७ व्या कलमाचा भंग झाला, असे कोणी म्हणू शकत नव्हते. पण कासात्सियोनेने सांगितलेली लक्षणे शोधायला गेले तर ती सापडत नव्हती. पद भरण्याची प्रक्रिया सुरू नव्हती आणि कायद्यानुसार ती सुरू होऊही शकत नव्हती. ज्याच्या येण्याची वाट पाहायची, असा कोणी नव्हता. विद्यार्थ्यांची संख्या वाढत नाही तोवर ही रेज्जेन्त्सा संपणारी नव्हती, आणि डोंगरातल्या गावांत ती संख्या वाढण्याची शक्यता फार थोडी होती. शब्द तोच ठेवून त्यातली तात्पुरतेपणाची अट काढून टाकली गेली होती. एखाद्या डोंगरी खोऱ्यातल्या शाळेत मुख्याध्यापक आठवड्यातून एकदोनदा येई आणि उरलेले दिवस त्याने नेमलेला शिक्षक वर्ग सांभाळून कचेरी चालवी, तेव्हा त्या शाळेला दीर्घ मुदतीचे निर्णय घेणारे कोणी उरत नसे. हा तोटा पैशांत मोजता येत नसल्यामुळे त्याविरुद्ध दावाही उभा राहत नसे.

२०२१-२२ या शालेय वर्षासाठी संसदेने मर्यादा पुन्हा पाचशे आणि तीनशेवर आणल्या, त्यामुळे बऱ्याच शाळांना आपला मुख्याध्यापक परत मिळण्याची वाट मोकळी झाली. ही सवलत देताना कायद्याने तिला मुदत घातली होती.